मालक उठून गेला तर मागे काय उरतं?

परवा एका जुन्या सीडीवर मला १९९७ सालातली एक फाइल सापडली. शेपटीला ‘डब्ल्यूआरएल’. म्हणजे व्हीआरएमएल, ब्राउझरमध्ये त्रिमितीय जग उभं करण्यासाठी नव्वदच्या दशकात तयार झालेली भाषा. कुणीतरी हौसेने एक खोली बांधली होती. चार खांब, चौकटींची फरशी, मधोमध अधांतरी एक लाल गोळा. गंमत म्हणून ती आजच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहिली. थ्री.जेएस या त्रिमितीय दृश्यं रचण्याच्या तयार कोडसोबत, म्हणजे लायब्ररीसोबत, निरनिराळ्या फॉरमॅटच्या फाइली वाचणारे सुटे भाग येतात, त्यांत व्हीआरएमएलसाठीही एक आहे. दहा-पंधरा ओळी लिहिल्या आणि खोली उभी राहिली. आणखी दोन-तीन ओळी वाढवून हेडसेट घातला, तर मी त्या खोलीत उभा! गोळा मुळात फिरत असावा. आता तो जागच्या जागी गप्प होता. बाकी सगळं जसंच्या तसं.

मग माझंच एक काम आठवलं. २०१८ मध्ये मी ब्राउझरमध्ये एक छोटं प्रदर्शन रचलं होतं. एक दालन, मंद उजेड, मधे एक जुनं शिडाचं गलबत आणि त्याच्याभोवती फिरून ते न्याहाळायची सोय. लिंक अजून माझ्या वहीत आहे. उघडली तर पांढरं पान. कोड ज्या फुकट जागेवर ठेवला होता ती जागा बंद झालेली, आणि गलबताचं मॉडेल ज्या फुकट संग्रहातून थेट ओढून घेतलं होतं तो संग्रहही गेलेला. माझ्या कामाहून एकवीस वर्षांनी थोरली फाइल धडधाकट, आणि धाकटं काम मातीत.

वेबवर व्हीआर (हेडसेटमधलं आभासी जग) आणि एआर (खऱ्या दृश्यावर बसवलेल्या आभासी वस्तू) शिकायचंय, साधनं सांगा, असं कुणी विचारलं की पूर्वी मी यादी पाठवायचो. आता पाठवत नाही. याद्या ढिगाने आहेत आणि त्यांतल्या निम्म्या लिंका मेलेल्या आहेत. साधनांचा तुटवडा या क्षेत्रात कधी नव्हताच. तुटवडा आहे तो टिकणाऱ्या साधनांचा. हा तुटवडा एकेकट्या शिकणाऱ्याच्या हुशारीने भरून निघणारा नाही. विद्यापीठं, संग्रहालयं, ग्रंथालयं आणि लोकांच्या पैशातून अनुदान देणाऱ्या संस्थांनी हे आपलं काम मानायला हवं, आणि त्या ते मानत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

तक्रारीकडे वळण्याआधी पाया पाहू, कारण कुठला थर टिकतो आणि कुठला ढासळतो हे तिथेच कळतं.

सगळ्यात खाली वेबजीएल आहे. पानाला ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलता यावं, एवढंच त्याचं काम. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलातल्या व्लादिमिर वुकिचेविच यांनी २००६ मध्ये त्याचे पहिले प्रयोग केले आणि ग्राफिक्सची खुली मानकं ठरवणाऱ्या क्रोनोस ग्रुपने मार्च २०११ मध्ये पहिली आवृत्ती जाहीर केली. हेडसेट बाजारात येऊ लागले तसं २०१४ मध्ये त्याच वुकिचेविच यांनी पानाला हेडसेटशी जोडणारं वेबव्हीआर मांडलं. त्यात एआरला जागा नव्हती, म्हणून पुढे ते बाजूला ठेवून, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या छताखाली वेबएक्सआर लिहायला घेतलं गेलं. क्रोमच्या ७९ व्या आवृत्तीत, डिसेंबर २०१९ मध्ये, ते सर्वांच्या हाती आलं. एआरचा भाग २०२० मध्ये आला.

वेबएक्सआर स्वतः एक रेघही काढत नाही, हे नवख्याला सहसा कुणी सांगत नाही. ते निरोप्याचं काम करतं. डोकं कुठे आहे, कुठे वळलंय, हातातला कंट्रोलर कुठे आहे, दोन डोळ्यांना दोन चित्रं कोणत्या कोनातून हवीत, हे ते दर क्षणी पानाला सांगतं. चित्र काढायचं ते पानाने. हेडसेट सेकंदाला ९० चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला साधारण ११ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचं काम उरकायचं असतं. उशीर झाला की फोनच्या पडद्यावर नुसतं अडखळल्यासारखं वाटतं. हेडसेटमध्ये पोट ढवळतं. त्यामुळे या क्षेत्रात ‘चालतंय की’ म्हणून भागत नाही.

वेबजीएलमध्ये हाताने लिहिणं म्हणजे वाळूचा कण कण रचून भिंत बांधणं. म्हणून वरचे थर आले. रिकार्डो काबेयो यांनी २०१० मध्ये थ्री.जेएस खुली केली आणि आज वेबवरचं बहुतेक त्रिमितीय काम कुठे ना कुठे तिच्या खांद्यावर उभं असतं. मायक्रोसॉफ्टमधून २०१३ मध्ये बॅबिलॉन.जेएस आली. मोझिलाच्या गटाने डिसेंबर २०१५ मध्ये ए-फ्रेम आणली आणि माझ्या मते सगळ्यात मोठा दरवाजा तिनेच उघडला, कारण एचटीएमएलचे टॅग ज्याला कळतात त्याला तिच्यात पहिल्याच संध्याकाळी एक खोली, एक ठोकळा आणि आकाश उभं करता येतं. हेडसेट नसला तरी अडत नाही. ब्राउझरमध्ये हेडसेटची नक्कल करणारं एम्युलेटरचं एक्स्टेन्शन लावलं की माउसने डोकं वळवून पाहता येतं. मॉडेल घडवायला ब्लेंडर आहे, तेही मुक्त. या सगळ्याला मिळून शून्य खर्च येतो. एवढ्या गुंतागुंतीच्या तंत्रात शिरायचा इतका स्वस्त रस्ता दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मग दुखतं कुठे?

फुकट मिळणाऱ्या गोष्टी दोन जातीच्या असतात. कुणी तुम्हाला रोप देतं, कुणी आपल्या झाडाखाली बसू देतं. ऊन तापलेलं असताना दोन्ही सारखीच वाटतात. थ्री.जेएस आणि ए-फ्रेम ही रोपं आहेत. फाइल उतरवून घेतली की ती तुमची. देणारा कंटाळला, त्याची कंपनी बुडाली, तरी तुमचं पान चालत राहतं. सर्व्हरवर खोल्या देणाऱ्या सेवा, मॉडेल साठवणारे संग्रह, कोड ठेवून लगेच चालवून दाखवणाऱ्या जागा ही दुसऱ्यांची झाडं. याद्यांमध्ये मात्र हे सगळं एकाच मथळ्याखाली, एकाच टाइपात, शेजारी शेजारी छापलेलं असतं: ‘फ्री रिसोर्सेस’.

गेल्या काही वर्षांत किती झाडं तुटली ते पाहा. गूगलचं पोली हे २०१७ मध्ये सुरू झालेलं मॉडेलचं भांडार ३० जून २०२१ ला बंद झालं. मोझिलाचं हब्ज, जिथे नुसती लिंक पाठवून दहा माणसांना एका आभासी खोलीत जमवता येत असे, ३१ मे २०२४ ला बंद झालं. ग्लिच ही कोड लिहिता लिहिता चालवून दाखवणारी जागा; ए-फ्रेम शिकवणाऱ्या कितीतरी धड्यांतली उदाहरणं तिथेच राहत होती. तिने जुलै २०२५ मध्ये प्रकल्प चालवणं थांबवलं. यातला कुठलाही निर्णय बेकायदा नव्हता, आणि कुणी खलनायक होता असंही मला वाटत नाही. पाहुण्यांचा खर्च परवडेना, यजमानाने दार लावलं, एवढंच.

पण दार लावताना कोण काय मागे ठेवून गेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकात आहे. पोलीवरची कित्येक मॉडेल क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली होती. नाव द्या आणि खुशाल वापरा, असा तो परवाना. त्यामुळेच बंद होण्याआधी स्वयंसेवकांना त्यांच्या प्रती काढून ठेवता आल्या आणि पुढे इकोसा गॅलरीच्या रूपाने त्यांतली बरीच परत उभी राहिली. परवाना नसता तर तीच धडपड चोरी ठरली असती. मोझिलाचा हेडसेटसाठीचा ब्राउझर, फायरफॉक्स रिअॅलिटी, २०२२ मध्ये थांबला, पण कोड खुला होता म्हणून इगालिया या संस्थेने तो उचलून वॉल्विक नावाने पुढे नेला. हब्जचा कोडही खुला होता आणि आज एक वेगळी संस्था तो सांभाळते.

इथे मात्र माझ्याच बाजूची एक दुबळी जागा कबूल करतो. हब्जचा कोड खुला होता म्हणून हब्जमध्ये वर्ग भरवणाऱ्या शिक्षिकेचं काय भलं झालं? तिला स्वतःचा सर्व्हर उभारता येत नव्हता. कोडच्या रूपाने तिच्या हातात एक किल्ली आली, आणि कुलूप कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं. ‘ओपन सोर्स आहे ना, मग घ्या आणि चालवा’ हे वाक्य ज्याला सर्व्हर चालवता येतो त्याच्याच तोंडी शोभतं. म्हणून खुलेपणा ही पहिली अट आहे, पुरेशी नव्हे. कुणीतरी पगारी माणूस तो सर्व्हर चालवत बसला पाहिजे, आणि तो माणूस कंपनीतला नसेल तर विद्यापीठातला किंवा ग्रंथालयातला असायला हवा. पुस्तकं जपायला आपण माणसं नेमतो. आभासी खोल्या जपायला नेमत नाही, कारण त्या आपल्याला अजून खेळणं वाटतात.

व्हीआरएमएलचं उदाहरण माझ्याच विरुद्ध वापरता येतं, आणि जाणकार वाचक ते वापरणारच. ते तर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा शिक्का असलेलं खुलं मानक होतं, १९९७ मध्ये अधिकृत झालेलं. तरी मेलंच ना? मेलं खरं. त्या काळच्या मोडेमवरून एखादी खोली उतरायला चहा करून प्यावा इतका वेळ लागायचा, ब्राउझरमध्ये वेगळा प्लगइन घालावा लागायचा, आणि संगणकाला ते जग हलवताना धाप लागायची. मानक असलं म्हणजे लोक ते वापरतीलच असं नाही, हे शंभर टक्के मान्य. पण मेलं ते त्याचं चलन, म्हणजे वापर. फाइल मेली नाही. ती साधा मजकूर आहे. पहिल्याच ओळीत ती आपलं नाव, आवृत्ती आणि अक्षरांचं एन्कोडिंग सांगते, आणि तिचं व्याकरण छापील स्वरूपात सगळ्यांना उपलब्ध आहे. म्हणून इतक्या वर्षांनी कुणा परक्या माणसाला ती वाचणारा कोड लिहिता आला आणि मला त्या लाल गोळ्यासमोर उभं राहता आलं.

आज ती जागा जीएलटीएफ या मॉडेल साठवायच्या खुल्या फॉरमॅटने घेतली आहे. क्रोनोसने २०१५ मध्ये पहिली आणि २०१७ मध्ये दुसरी आवृत्ती काढली. २०२२ मध्ये आयएसओनेही ते स्वीकारलं. ‘त्रिमितीय वस्तूंचं जेपीईजी’ अशी त्याची जाहिरात होते आणि ती फारशी फुगवलेली नाही. ब्लेंडरमधून थेट काढता येतं, वर सांगितलेल्या तिन्ही लायब्ऱ्या ते वाचतात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या समूहाने २०२० मध्ये आपला खजिना खुला केला तेव्हा त्रिमितीय मॉडेलही सीसी-शून्य परवान्याखाली दिली: काहीही करा, विचारायची गरज नाही. सार्वजनिक संस्थेने रोप देणं म्हणजे काय, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. बाकीची बरीच संग्रहालयं मात्र अजून आपल्या मूर्ती आणि भांडी स्कॅन करून घेतात आणि ते स्कॅन एखाद्या कंत्राटदाराच्या दर्शकात (व्ह्यूअरमध्ये) कोंडून ठेवतात. पाहता येतं, उतरवता येत नाही. कंत्राट संपलं की पाहताही येत नाही.

आता आयफोनकडे वळू, कारण एआरच्या बाबतीत सगळ्यात मोठी फट तिथे आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये पान थेट विचारू शकतं: समोर जमीन कुठे आहे, तिच्यावर ही खुर्ची ठेवू का? आयफोनच्या सफारीत वेबएक्सआर नाही, आणि वर्षानुवर्षं आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरला, नाव काहीही असो, आतून अॅपलचंच पान दाखवणारं इंजिन वापरावं लागत आलं. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे २०२४ मध्ये तिथल्यापुरती ही सक्ती ढिली झाली, पुढे जपानमध्येही झाली. याच कंपनीने आपल्या व्हिजन प्रो हेडसेटच्या सफारीत २०२४ मध्ये व्हीआरसाठी वेबएक्सआर सुरू केलं, म्हणजे तांत्रिक अशक्यता वगैरे काही नाही. आयफोनवर क्विक लुक आहे. त्यात एखादी वस्तू टेबलावर ठेवून पाहता येते, पण पानाचा कोड तिथे पोचत नाही. गोष्ट सांगता येत नाही, खेळ रचता येत नाही.

फट पडली की कुणीतरी पूल बांधतो आणि टोल लावतो. एट्थ वॉल या कंपनीने तेच केलं. कॅमेऱ्याचं चित्र घेऊन जमीन कुठे आहे याचं गणित पानातच, फोनच्या प्रोसेसरवर सोडवायचं, म्हणजे आयफोनवरही चालतं. काम अप्रतिम होतं, ते मी स्वतः वापरलेलं आहे. जाहिरातवाले आणि कलाकार त्यावर तुटून पडले. २०२२ मध्ये ‘पोकेमॉन गो’वाल्या नायँटिकने ती कंपनी विकत घेतली आणि २०२५ मध्ये तो मंच गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. पुलावर ज्यांनी दुकानं थाटली होती त्यांना सामान हलवायला मुदत मिळाली. या घटनेतून ‘खासगी सेवेवर विसंबू नका’ एवढाच धडा घेतला तर तो अर्धाच. पूल लागलाच का, हा खरा प्रश्न. मानक एका बलाढ्य कंपनीने आपल्या फोनवर येऊ दिलं नाही, म्हणून शेकडो छोट्या माणसांनी भाडं भरलं आणि शेवटी घरही गेलं. ब्राउझरची सक्ती हा स्पर्धा कायद्याचा कोरडा विषय आहे असं वाटतं. ज्याचं एआर प्रदर्शन निम्म्या प्रेक्षकांच्या फोनवर उघडत नाही त्याला तो कोरडा वाटत नाही.

छापील खूण किंवा चित्र ओळखून त्यावर वस्तू उभी करणारी खुली साधनं आयफोनवरही चालतात, हे इथे सांगायला हवं. एआर.जेएस, माइंडएआर ही त्यांतली नावं. या पद्धतीचं मूळ हिरोकाझू कातो यांच्या १९९९ च्या एआरटूलकिटपर्यंत जातं. पोस्टरवर कॅमेरा धरला की त्यातून काहीतरी उगवावं, एवढंच हवं असेल तर टोल भरायचं कारण नाही. लोक ‘एआर’ म्हणून जे मागतात त्यातलं बरंचसं खरं तर इतकंच असतं.

शिकण्याच्या साहित्याची अवस्था याहून वाईट आहे, कारण ते बंद पडलेलं दिसतही नाही. पान उघडतं, मजकूर छान दिसतो, आणि कोड चालत नाही. थ्री.जेएस साधारण महिन्याला एक आवृत्ती काढते आणि जुन्याशी जुळवून घ्यायचं वचन देत नाही. ‘जॉमेट्री’ हा आकार घडवणारा तिच्यातला मूळ वर्ग (कोडमधला ‘क्लास’) १२५ व्या आवृत्तीत, २०२१ च्या सुरुवातीला, काढून टाकला गेला. त्याआधीच्या दहा वर्षांतले असंख्य धडे त्याच्यावर रचलेले होते. १५५ व्या आवृत्तीत दिव्यांचं गणित बदललं. जुना कोड जसाच्या तसा नव्या आवृत्तीवर चालवला तर सगळं दृश्य अंधारलेलं दिसतं. आता कल्पना करा, कुणी मुलगी रात्री बसून धडा पाहून ओळ न् ओळ उतरवते आहे. चूक कुठेच दाखवत नाही, फक्त तिची खोली काळोखी आहे आणि धड्यातली उजळ. तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. किती जण या क्षणी संगणक मिटवून उठले असतील, याची नोंद कुठेच होत नाही.

दोष लायब्ररीचा नाही. मूठभर माणसं ती चालवतात, बदलांची यादी नेमाने लिहितात, आणि जुनं ओझं टाकून देतात म्हणूनच ती चपळ राहिली. दोष धडे लिहिणाऱ्यांचा, म्हणजे माझ्यासकट आम्हा सगळ्यांचा. आम्ही धड्यावर तारीख टाकत नाही, आवृत्ती लिहीत नाही, लायब्ररीची ‘सगळ्यात ताजी’ प्रत लावा असं बिनधास्त सांगतो, आणि प्रकाशित करून विसरून जातो. ए-फ्रेमने आपली कागदपत्रं आवृत्तीगणिक वेगळी ठेवली आहेत, तेवढी साधी शिस्तही बहुतेकांना जमलेली नाही. आणि दोष ती शिस्त मागत नसलेल्या संस्थांचा. अभ्यासक्रमासाठी पैसे देताना ‘किती चित्रफिती बनवणार’ असं विचारलं जातं. तीन वर्षांनी त्या दुरुस्त कोण करणार, असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. नवं बांधण्याला उद्घाटन असतं, डागडुजीला नसतं.

अक्षरांबद्दल थोडं लांबण लावतो, कारण याकडे कुणी पाहतच नाही. हेडसेटमध्ये शिरलात की एचटीएमएल बाहेर राहतं. तिथे परिच्छेद, मथळा, बटण असं काही नसतं. जे दिसतं ते सगळं चित्र. त्यामुळे अक्षरंसुद्धा त्रिकोणांची किंवा चित्रांच्या तुकड्यांची बनवावी लागतात. ब्राउझरमध्ये मजकूर रचणारी जी शहाणी यंत्रणा असते, जिला ‘क्ष’ म्हणजे ‘क’ आणि ‘ष’ यांचं एकच रूप आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर असली तरी लिहिताना आधी येते हे माहीत असतं, ती इथे सोबत येत नाही. थ्री.जेएसमध्ये अक्षरं उभी करायचा जो सरधोपट मार्ग धडे शिकवतात, त्यात इंग्रजी छान दिसतं आणि देवनागरीची जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन बसतात. पळवाट आहे. मजकूर आधी साध्या द्विमितीय कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या चौकटीवर) ब्राउझरकडून लिहून घ्यायचा आणि ते चित्र पाटीसारखं दृश्यात टांगायचं. जवळ गेलं की थोडं धूसर दिसतं, पण निदान शुद्ध दिसतं. ही युक्ती मला कुठल्याही धड्यात मिळाली नाही. दोन दिवस डोकं आपटून सापडली. जगातल्या कितीतरी लिप्यांना लागणारी गोष्ट धड्यांमधून गायब असेल, तर ते धडे कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले ते उघड आहे.

आंधळ्या माणसाचं तर याहून कठीण. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कॅनव्हास म्हणजे एक मुकी चौकट. वेबने तीस वर्षांत सुलभतेसाठी जे काही मिळवलं ते एचटीएमएलच्या पायावर उभं आहे, आणि आपण तो पायाच दाराबाहेर ठेवून आत येतो. डब्ल्यूथ्रीसीने २०२१ मध्ये या गरजांची एक नीट टिपण काढली. ती वाचलेला डेव्हलपर मला अजून भेटायचा आहे.

खासगीपणाचं एकाच परिच्छेदात उरकतो, कारण आकडेच पुरेसे बोलके आहेत. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ जणांच्या डोक्याच्या आणि हाताच्या हालचालींवरून, पाच मिनिटांहून कमी नोंदी वापरून, ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला. २०२३ मध्ये बर्कलीच्या गटाने ५५ हजारांहून अधिक खेळाडूंमधून केवळ १०० सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्के अचूकतेने हेच करून दाखवलं. मान वळवण्याची लकब म्हणजे बोटांचा ठसाच. वेबवर निदान ब्राउझर मधे उभा असतो. परवानगी आणि क्लिक घेतल्याशिवाय पानाला हेडसेटपर्यंत जाऊ देत नाही. पण एकदा हो म्हटलं की हालचाल पानाच्या हाती, आणि पान ती कुठे पाठवतं हे आपल्याला दिसत नाही. नवख्यांसाठीच्या साहित्यात यावर एक ओळ असावी, इतकी अपेक्षा जास्त नाही.

या सगळ्यावर एक व्यवहारी आक्षेप येतो, आणि तो मी हलक्याने घेत नाही. हे सगळं उभं राहिलं ते कंपन्यांच्या पैशावर. मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा यांनी माणसं बसवली नसती तर वेबएक्सआर कागदावरच राहिलं असतं. मोझिलाने ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे २५० जणांना काढलं तेव्हा या क्षेत्राची किती हाडं मोडली ते आतल्यांनी पाहिलं आहे. मग त्याच कंपन्यांना नावं कशी ठेवायची? मी ठेवतही नाही. त्यांनी रोपं दिली त्याबद्दल ऋण मान्य आहे. पण कंपनीला ज्या दिवशी रस वाटेनासा होतो त्या दिवशी ती जाते, आणि तसं जाण्यात तिची काही बेइमानी नसते. जपणूक हे तिचं काम नाहीच. ज्यांचं ते काम आहे, ज्यांच्या नावातच संग्रह, ग्रंथ, विद्या असे शब्द आहेत, त्यांनी ते कंपन्यांवर सोपवून दिलं, हे चुकलं.

म्हणून लोकांच्या पैशातून आभासी सफर, त्रिमितीय संग्रह, एआरचा धडा असं काहीही बनवून घेताना करारात पाच साध्या गोष्टी असाव्यात असं मला वाटतं. मॉडेल जीएलटीएफमध्ये, मूळ ब्लेंडर फाइलीसह, संस्थेच्या ताब्यात यावं. काम वेबएक्सआरवर चालावं, आणि लायब्ररीची नेमकी ती आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली असावी, बाहेरून ओढलेली नसावी. इंटरनेटची तार काढूनही ते एखाद्या संगणकावर उघडलं पाहिजे. मी तर स्वीकारण्याआधी खरोखर तार काढून पाहावं असं म्हणेन. परवाना असा असावा की संस्था स्वतः झोपली तरी कुणी तिऱ्हाईत ते पुढे नेऊ शकेल. आणि पैशाचा एक हिस्सा, लहान का होईना, बांधणीनंतरच्या वर्षांसाठी बाजूला काढावा. यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला आधीच हे विचारण्याची अक्कल लागते. अॅप स्टोअरमधल्या अॅपच्या तुलनेत ब्राउझरमधलं चित्र थोडं कमी चकचकीत दिसेल, हेही त्याला आधीच सांगून टाकावं. नंतर कुरकुर नको.

माझं ते २०१८ चं प्रदर्शन मी गेल्या महिन्यात परत बांधायला घेतलं. कोड एका जुन्या हार्ड डिस्कवर मिळाला, अर्धा. थ्री.जेएसची आवृत्ती ठरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवली, जुने वर्ग बदलले, दिवे पुन्हा लावले, पाट्यांवरची जोडाक्षरं कॅनव्हासच्या युक्तीने सरळ केली. दालन पूर्वीपेक्षा बरं दिसतं. गलबत मात्र मिळालं नाही. ते घडवणाऱ्याने कुठल्या परवान्याखाली दिलं होतं हे मी तेव्हा टिपून ठेवलं नव्हतं, आणि त्याचं नावही आठवत नाही. मधोमध, जिथे ते असायचं, तिथे सध्या एक करडा ठोकळा ठेवला आहे.